रक्तातला दाह, मनाची मरगळ : काय करावे, काय टाळावे

सीआरपीचा, म्हणजे रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट खिशात आणि मन कशातच नाही, अशा हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या प्रत्येकासाठी.

काय करावे

पहिल्याच दिवशी

• मन लागत नाही, करमत नाही, आवडीचेही नकोसे झाले आहे, असे सलग दोन आठवडे चालले असेल तर डॉक्टर गाठा. दोन आठवड्यांच्या खोकल्याला थुंकी तपासतो, तोच हिशेब इथे लावा.

• मरणाचे विचार येत असतील तर आत्ता १४४१६ लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलते.

• कोणी स्वतःला इजा केली असेल किंवा करण्याच्या बेतात असेल तर ११२ लावा, नाहीतर थेट उपजिल्हा रुग्णालयात न्या; तोवर कोणीतरी त्याच्याजवळ बसा.

• डॉक्टरांना ‘मन लागत नाही’ हेच शब्द सांगा. ‘कमजोरी आहे’ म्हणालात तर सलाइन लागेल आणि खरे दुखणे तसेच घरी परत येईल.

• पुढची चिठ्ठी मिळाली तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय गाठा. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे आणि सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परतता येते.

• शेतकरी घर असेल तर आशाताईंशी बोला. २०१५ पासूनच्या प्रेरणा प्रकल्पात वर्धा जिल्हा आहे आणि तो शेतकऱ्यांच्या मनाच्या दुखण्यासाठीच आखलेला आहे.

रक्त देताना

• सीआरपीच्या आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ करायचे का, ते डॉक्टरांना विचारा. या चारांपैकी एकही बिघडले तरी माणूस उदास आणि गळाल्यासारखा दिसतो.

• ताप, सर्दी, दाढदुखी, जखम किंवा लस यांना दोन आठवडे उलटू द्या, मग सीआरपीसाठी रक्त द्या.

• साधी सीआरपी लिहिली आहे की हाय सेन्सिटिव्हिटी, हे चिठ्ठीवर पाहा. साध्या तपासणीला बारीक वाढ नीट मोजता येत नाही.

• गर्भनिरोधक गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, सांधेदुखीची गोळी, जे काही चालू असेल ते रक्त देण्याआधी सांगा. पहिली सीआरपी वाढवू शकते, दुसरी कमी करू शकते.

• दिवस गेले असतील तर तेही आधी सांगा. गरोदरपणात हा आकडा थोडा वरच असतो.

• नुसत्या सीआरपीसाठी चहा-नाश्ता करून जा. उपाशी राहायचे ते सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तेव्हा, आणि तेही प्रयोगशाळेने सांगितले तर.

• दुसऱ्यांदा तपासायचे झाले तर त्याच प्रयोगशाळेत जा. यंत्र बदलले की आकडा थोडा हलतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

• आकड्याआधी एकक वाचा. कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर छापलेले असते, कुठे प्रति डेसिलिटर, आणि दोन्हींत दहापटीचा फरक आहे. ०.८ प्रति डेसिलिटर म्हणजे ८ प्रति लिटर.

• हाय सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट असा वाचा: १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. या रेषा हृदयविकाराचा धोका मोजण्यासाठी आखल्या आहेत, मनासाठी नव्हेत; मनाच्या अभ्यासकांनी त्या उसन्या घेतल्या.

• १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्ग, जखम, सांधे, फुप्फुसे पाहून घ्या. बरे वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा.

• ईएसआर, म्हणजे दाहाची दुसरी तपासणी, केली असेल तर तो वय आणि रक्तक्षय पाहून वाचून घ्या. बाईचे हिमोग्लोबिन ८ असेल तर ईएसआर तेवढ्यानेही चढतो.

• रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने त्या दिवसाची तब्येत लिहा: ‘खोकला होता’, ‘रात्रपाळी’, ‘दाढ दुखत होती’. तीन महिन्यांनी ती ओळ आकड्याइतकीच कामाला येते.

• शरीराच्या डॉक्टरांना मनाचा कागद दाखवा, मनाच्या डॉक्टरांना रक्ताचा. दोन फायली असतील तर एकाच पिशवीत ठेवा.

• नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली मागा. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी सविस्तर बोला. मनाचा ठाव हे नऊ प्रश्न घेतात, सीआरपी घेत नाही.

• नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर खरे द्या, बाकी गुण कितीही कमी असोत.

दाहाचे मूळ शोधताना

• तोंडापासून सुरुवात करा. घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा. हिरड्यांच्या जुन्या आजाराने सीआरपी वाढतो आणि हिरड्या बऱ्या केल्या की उतरतो.

• तंबाखूचा खर्रा किती होतो ते खरे मोजा. सकाळी घेतलेली पन्नी दुपारपर्यंत चालते की दहा वाजताच दुसरी घोटून मागता, हे दंतवैद्यापासून लपवू नका, त्यांना ते जबडा उघडताच कळते.

• तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर हिरड्यांची वाट न पाहता दाखवा. सावंगीला दंत महाविद्यालय आहे.

• जिनिंगमध्ये काम करत असाल तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा: रेच्यावर की सरकीकडे, गाठी बांधायला की झाडायला, किती वर्षे, किती तास.

• सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळत असेल आणि आठवडा सरता सरता सैल होत असेल, तर तसेच सांगा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ती जुनी खूण आहे.

• धुळीच्या जागी नीट बसणारा मास्क लावा. कापसाच्या धुळीत जंतूंच्या आवरणाचे विष असते, छातीत दाह पेटतो तो त्याने.

• पापण्यांवर, भुवयांवर रुई घेऊन घरी येऊ नका. कामाचे कपडे दारातच उतरवा, तोंड धुवा, मग लेकरू उचला.

• सकाळी बोटे आखडत असतील आणि सैल व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल तर सांध्यांची तपासणी करून घ्या. संधिवातात उदासी अनेकदा सांध्यांच्या जोडीनेच येते.

• चिकनगुनिया होऊन गेला असेल तर तो कधी झाला ते सांगा. सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि तेवढे दिवस मनही कुरकुरत राहते.

• तापात कोपऱ्यात पडून राहणे, जेवण कडू लागणे, कोणाशी बोलू नये वाटणे याला घाबरू नका, शरीर स्वतःला आवरून घेत असते. ताप जाऊनही दोन आठवडे तसेच राहिले तर मात्र दाखवा.

• सिकलसेल असेल तर चांगल्या दिवसांतला सीआरपी एकदा नोंदवून ठेवा. तो एरवीही वर असू शकतो, तुलना त्याच्याशीच करा.

• साखर आणि कमरेचा घेर दोन्ही मोजा. पोटावरची चरबी नुसती लोंबत नाही, दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते.

• सोरायसिस, जुना दमा, आतड्याचा दाह, होऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, यांपैकी काहीही असेल तर मनाच्या डॉक्टरांनाही सांगा.

गोळ्या सुरू झाल्यावर

• नैराश्याच्या गोळीला दोन ते चार आठवडे द्या, पूर्ण गुणाला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता आली तर डॉक्टरांना फोन करा.

• पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी नीट लक्ष ठेवा. या काळात मरणाचे विचार वाढलेले दिसू शकतात.

• बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवा, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करा.

• अंग दुखले तर आधी पॅरासिटामॉलचे विचारा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांबरोबर ती इतर वेदनाशामकांपेक्षा पोटाला सोसते.

• संडास डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. पोटात रक्तस्राव होत असू शकतो.

• लिथियम चालू असेल तर मे महिन्यात पाणी आणि मीठ नेहमीइतके ठेवा, निर्जळी उपवास सोडा. अंगातले पाणी घटले की लिथियम रक्तात साठते.

• क्षयाचे उपचार चालू असतील तर तिथल्या डॉक्टरांना मनाच्या गोळीचे नाव दाखवा. हट्टी क्षयावरचे लिनेझोलिड आणि नैराश्याच्या काही गोळ्या एकत्र आल्या तर जिवावर बेतू शकते. गंमत अशी की नैराश्याचे पहिले औषध क्षयाच्याच गोळीतून सापडले: १९५० च्या दशकात आयप्रोनियाझिड घेणारे रुग्ण वॉर्डात अचानक खुलले.

• गोळीइतकेच समुपदेशनाचे विचारा; बोलून होणारा उपचार हाही उपचारच आहे.

• विमा असेल तर मानसोपचाराचाही दावा करा; २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो शरीराच्या आजाराच्या बरोबरीला आणला आहे.

रोज

• आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाट्याने चाला. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी, कारण आपल्याकडे मे महिन्यात सकाळी नऊलाच डांबर मऊ व्हायला लागते. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन साखळीने हिंदुस्थान मोजत मोजत जानेवारी १८२३ मध्ये इथे हिंगणघाटला येऊन संपला. तुम्हाला फक्त तीन किलोमीटर मोजायचे आहेत.

• झोपेची आणि उठण्याची वेळ ठरवा. तुटक झोपेने दाह आणि उदासी दोन्ही वाढतात.

• हंगामात रात्रपाळी असेल तर दिवसा खोली अंधारी करून एकसलग झोपा, आणि शक्य असेल तर पाळी आठवड्याला बदलू देऊ नका.

• ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, एक पालेभाजी आणि जवसाची चटणी ठेवा. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये ६७ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या प्रयोगात बारा आठवडे जेवण सुधारलेला गट जास्त सावरला, उपचार चालू ठेवूनच.

• जवस भाजून कुटून खा. अख्खा दाणा बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो.

• दारू पीत असाल तर किती ते डॉक्टरांना खरे सांगा. एकदम सोडायची असेल तर त्यांच्या देखरेखीखाली सोडा.

घरच्यांनी

• ‘आज कसे आहे’ असे विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

• पहिल्या भेटीला सोबत जा. झोप, भूक आणि चिडचिड यांचा हिशेब घरच्यांकडे जास्त नेमका असतो.

• फवारणीची औषधे घरात किंवा शेतावर उघडी नको, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. वाईट वेळ अनेकदा काही मिनिटांचीच असते.

• गावातल्या चार विश्वासू माणसांना यातले काय ते शिकवा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने हेच केले आणि नैराश्यात मदत घेणारे शंभरात ४ होते ते २७ झाले.

काय टाळावे

तपासणीत

• ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सीआरपी फुकट मिळतो म्हणून करू नका. तक्रारीवाचून काढलेला आकडा नवी तक्रार होऊन बसतो.

• तापात सीआरपी काढून तो मनाच्या दुखण्याशी जोडू नका.

• सीआरपी वाढला म्हणून नैराश्य ठरवू नका. दाढेच्या मुळाशी पू झाला तरी तो वाढतो.

• सीआरपी नॉर्मल आला म्हणून नैराश्य खोटे ठरवू नका. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या हिशेबात नैराश्यग्रस्तांपैकी साधारण चौथ्या हिश्शाचाच सीआरपी ३ च्या वर निघाला. उरलेल्या तिघांचे दुखणे तेवढेच खरे आहे.

• दर पंधरा दिवसांनी सीआरपी मोजत बसू नका. औषधाचा गुण झोपेत, भुकेत आणि कामात पाहा.

• रिपोर्टवर आकड्याशेजारी ‘एच’ किंवा तारा छापलेला दिसला म्हणून रात्र जागून काढू नका. यंत्र तो आपोआप छापते. त्या एका अक्षरापायी झोप उडालेली माणसे मी पाहिली आहेत, आणि झोप उडणे हाच त्यांचा मूळ आजार होता.

• रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून सल्ला मागू नका. तिथे सल्ल्याआधी स्थळे मोडतात.

• लेकरांचा सीआरपी काढून पुढचे भविष्य पाहू नका; ९ व्या वर्षी रक्तात दाहाची खूण जास्त असलेल्यांत १८ व्या वर्षी नैराश्य अधिक दिसले, असे २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात निघाले, पण ती हजारोंच्या गटाची गोष्ट आहे, तुमच्या मुलाची नव्हे.

शब्दांच्या घोळात

• ‘दाह’ वाचून पोटातली जळजळ किंवा अंगातली उष्णता समजू नका. सब्जा, गुलकंद, ताक यांनी सीआरपी उतरत नाही, फक्त उन्हाळा सुसह्य होतो.

• ‘रक्त खराब आहे’ असे कोणाबद्दल म्हणू नका. दाह वाढणे म्हणजे रक्त नासणे नव्हे, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

• रक्तशुद्धीच्या बाटल्या आणि काढे यांवर पैसे घालू नका. रक्त गाळायला मूत्रपिंडे आहेत, ती फुकट काम करतात.

• ‘मेंदूला सूज आली’ असे घरी सांगत फिरू नका. इथे बोलणे रक्तातल्या बारीक वाढीचे आहे, मेंदूज्वराचे नाही.

गोळ्यांत

• दाह कमी करायचा म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊन रोज खाऊ नका; नैराश्याच्या गोळीबरोबर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो.

• लिथियमवर असाल तर या गोळ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, एकसुद्धा नको; लिथियम विषाच्या पातळीला जाऊ शकते.

• ‘ती सांधेदुखीची गोळी मनालाही चालते म्हणे’ असे ऐकून सेलेकॉक्सिब सुरू करू नका. काही प्रयोगांत जोडीची गोळी म्हणून उपयोग दिसला, तरी तो निर्णय डॉक्टरांचा.

• इन्फ्लिक्सिमॅबसारख्या दाहविरोधी इंजेक्शनची मागणी करू नका. अमेरिकेत २०१३ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ६० नैराश्यग्रस्तांना ते देऊन पाहिले, एकूणात फरक पडला नाही. सीआरपी ५ च्या वर असलेल्यांत तेवढा काही उपयोग दिसला.

• क्षयाच्या देशात असे इंजेक्शन हलके समजू नका; शरीरात निजलेला क्षय त्याने उठतो.

• गुडघ्यासाठी डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुट्या विकत घेऊ नका. स्टेरॉइडने दोन दिवस हुरूप येतो, मग झोप उडते, साखर चढते आणि मन बिघडते.

• चिठ्ठीवर दिलेले स्टेरॉइड मात्र एकदम थांबवू नका. कमी करण्याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून घ्या.

• हळदीच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूल आपल्या मनाने खाऊ नका. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद बिनधास्त खा.

• उदासीवर उपाय म्हणून अँटिबायोटिक मागू नका. सीआरपी वाढला म्हणजे जंतूच असतात असे नाही.

• मनाच्या गोळीला ‘झोपेची गोळी’ म्हणू नका आणि तशी वापरूही नका. शेजारणीला झोप येत नाही म्हणून आपल्यातली अर्धी देऊ नका.

• बरे वाटले की गोळी बंद करू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके आल्यासारखे वाटणे हे एकदम थांबवल्याचे परिणाम असतात, आजार उलटल्याचे नव्हेत.

दिवसाच्या व्यवहारात

• खर्रा सोडायचा म्हणून गुटखा किंवा बिडी धरू नका. तंबाखू तंबाखूच राहतो.

• ‘खर्ऱ्याशिवाय डोके चालत नाही’ हे निदान मानू नका. ती तलफ आहे.

• पहिल्याच दिवशी दहा किलोमीटर चालू नका. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवणार नाही आणि चालणे तिथेच संपेल.

• फक्त सुपारीएवढे जेवून वजन उतरवू नका. उपाशी माणसाची उदासी आणखी गडद होते.

• जिनिंगमध्ये ओला रुमाल बांधला म्हणजे झाले असे समजू नका. बारीक धूळ कापडातून आत जातेच.

• धूळ झाडताना हवेचा झोत मारू नका. खाली बसलेले सगळे पुन्हा छातीच्या उंचीला येते.

घरच्यांनी

• ‘तुला काय कमी आहे’ हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर नसते, आणि तो विचारला की माणूस बोलायचे थांबतो.

• ‘रिपोर्ट तर चांगला आहे, उठ आता’ असे म्हणू नका.

• उलट, ‘रक्तातच दोष आहे, तो काय करणार’ म्हणून समुपदेशन सोडू नका. सीआरपी वाढलेल्या माणसालाही बोलून बरे वाटते.

• अंगारा, दृष्ट, देवदर्शन यांवरून घरात भांडण करू नका. मन शांत होत असेल तर होऊ द्या, पण त्यापायी गोळीची वेळ चुकू देऊ नका.

• पोलीस केस होईल या भीतीने रुग्णालय टाळू नका. स्वतःला संपवू पाहणारा माणूस गंभीर ताणाखाली होता असे २०१७ चा कायदा धरून चालतो, शिक्षेऐवजी त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

• रुग्णासमोर कर्जाचा, लग्नाचा, बोंडअळीचा हिशेब मांडू नका. तो त्याचा रात्री तीनला मांडून झालेला असतो.

• त्याचा मोबाइल काढून घेऊ नका. १४४१६ त्यातच आहे.

• कापूस वेचणीमुळे किंवा पोळ्यामुळे पुढची तारीख चुकली तर उरलेल्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवू नका. विभागात फोन करून दुसरी तारीख मागा, आणि तोवरच्या गोळ्यांचे त्याच फोनवर विचारून घ्या.